भोर संस्थानाचे तिकीट आणि मनगटावरचे घड्याळ

१/ इ.स. १८७९. भोर संस्थानात किरमिजी रंगाचा कागदाचा एक लहानसा तुकडा चलनात आला. किंमत अर्धा आणा. त्याच्या जोडीला एक आण्याचा दुसरा. हाताने ठसा मारलेला, मागे गोंद नाही, कडेला छिद्रे नाहीत. ही भोरची स्वतःची टपाल तिकिटे. ती लावलेले पत्र संस्थानाच्या हद्दीत फिरे. हद्द संपली की तिकिटाचे मोल कागदाइतकेच उरे.

२/ आज तोरण्याच्या झुंजार माचीकडे निघालेल्या एखाद्या तरुणाच्या मनगटावर सेल्युलर स्मार्टवॉच असते. फोन घरी ठेवला तरी घड्याळावर फोन घेता येतो, अशी त्याची ख्याती. मात्र तेच घड्याळ एका कंपनीच्या जाळ्यावर बोलते आणि दुसरीच्या जाळ्यावर मुके राहते. एका देशात चालते, दुसऱ्या देशात विमानातून उतरताच गप्प होते. यंत्र तेच, आकाशही तेच. मग अडते कुठे? उत्तराचा एक भाग अभियांत्रिकीत आहे. उरलेला, आणि बहुधा मोठा, भाग इतिहासात आहे. (धागा)

३/ प्रथम भूगोल. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले आणि १६९७ पासून भोरच्या पंतसचिव घराण्याचा इतिहास सुरू होतो. पुढे संस्थानाचे पाच तालुके झाले: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि घाटाखालचा सुधागड. पहिली तिन्ही नावे किल्ल्यांची आहेत. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. आजचा भोर तालुका आणि आता राजगड या नावाने ओळखला जाणारा वेल्हे तालुका हा याच मुलखाचा गाभा.

४/ हा मुलूख मुळातच खोऱ्याखोऱ्यांत विभागलेला. कानद खोरे, गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिड खोरे. मधल्या डोंगररांगा इतक्या उंच की प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा, वतन वेगळे, भांडणेही वेगळी. कारीचे कान्होजी जेधे रोहिड खोऱ्याचे, बांदल हिरडस मावळाचे. एका खोऱ्यातला हुकूम दुसऱ्या खोऱ्यात आपोआप चालत नसे. तो चालावा म्हणून तिथल्या वतनदाराची मान्यता लागे. शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या कारकिर्दीतला फार मोठा भाग हे खोऱ्याखोऱ्यांचे तुकडे एका आज्ञेखाली आणण्यात गेला. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे विजेच्या लहरींनाही हाच प्रश्न पडणार आहे.

५/ आता टपाल. १८५२ साली सिंध प्रांतात बार्टल फ्रिअरने ‘सिंध डाक’ची तिकिटे काढली, आशियातली ही पहिली टपाल तिकिटे. १८५४ च्या टपाल कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात क्रांतीच केली. त्याआधी पत्राचे मूल्य अंतरावर ठरे. आता पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर. ग्राहकाला अंतर दिसेनासे झाले. दूरसंचाराच्या संपूर्ण इतिहासातली ही सर्वांत मोठी कल्पना असावी.

६/ परंतु ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ म्हणजे सगळा हिंदुस्थान नव्हे. नकाशावर शेकडो संस्थानांचे ठिगळ होते. त्यांपैकी काहींनी आपली टपाल व्यवस्था राखली. भोरची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ३७ हजार; आजच्या एखाद्या तालुक्याएवढी. तरीही संस्थानाचे तिकीट निराळे. १९०१ मध्ये तर शंकरराव पंतसचिवांच्या चित्राचे, तांबड्या रंगाचे अर्ध्या आण्याचे तिकीट छापले गेले.

७/ अशा संस्थानांचे टपालाच्या दृष्टीने दोन वर्ग पडतात, आणि स्मार्टवॉचचे कोडे सोडवायला हाच भेद उपयोगी आहे. पहिला वर्ग भोरसारख्यांचा. त्यांचे तिकीट केवळ आपल्या हद्दीत. बाहेर पत्र पाठवायचे तर ब्रिटिश तिकीट हवे. दुसरा वर्ग करारबद्ध संस्थानांचा. पतियाळाने १८८४ मध्ये इंग्रज सरकारशी टपाल करार केला. मग ग्वाल्हेर, नाभा, जिंद, चंबा, फरीदकोट आले.

८/ करारबद्ध संस्थानांची तिकिटे पाहिली की गंमत कळते. तिकीट ब्रिटिश हिंदुस्थानचेच, त्यावर राणीचे किंवा राजाचे चित्र, आणि वर केवळ संस्थानाचे नाव छापलेले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे तिकीट लावलेले पत्र त्यामुळे ब्रिटिश मुलखात कुठेही पोचे. भोरच्या पंतसचिवांचे तिकीट मात्र पुण्यातही निरुपयोगी. तिथे पोचायला भोरहून एक लहानसा प्रवास पुरे. कागद, शाई, टपालवाला, रस्ता, सारे सारखेच. फरक फक्त एका करारनाम्याचा.

९/ हा फरक मानाचाही होता, हे विसरता कामा नये. स्वतःचे तिकीट ही सार्वभौमत्वाची खूण. करार केला की व्यवहार वाढतो, पण तिकिटावर दुसऱ्याचा राजा येतो. आजची एखादी मोबाइल कंपनी आपले ग्राहक, आपले क्रमांक आणि आपली नोंदवही दुसऱ्याच्या हाती द्यायला बिचकते, त्यामागे पैशाइतकाच हाही हिशेब असतो.

१०/ हाच पेच जगभर होता. १८७४ पूर्वी देशादेशांत टपालाचे वेगवेगळे द्विपक्षीय करार असत. एका पत्राचे मूल्य ते कोणत्या मार्गाने जाईल यावर ठरे, आणि वाटेतला प्रत्येक देश आपला वाटा मागे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे तह झाला आणि आजच्या जागतिक टपाल संघाचा जन्म झाला. यामागे प्रशियाचे टपाल अधिकारी हाइनरिख फॉन श्टेफान यांचा मोठा हात. ब्रिटिश हिंदुस्थान १८७६ मध्ये त्यात सामील झाला.

११/ बर्नच्या तहातले एक कलम फार चतुर होते. प्रत्येक देशाने तिकीट विक्रीचे पैसे स्वतःकडे ठेवावे. पोचवणाऱ्या देशाला काही देऊ नये. तर्क असा, की पत्राला उत्तर येतेच, म्हणजे दोन्ही बाजूंचे ओझे सारखेच. हिशेबाची कटकट मिटली. मात्र जिथे पत्रे जास्त येतात आणि कमी जातात, त्या देशांना हे झोंबू लागले. शेवटी १९६९ च्या टोकियो अधिवेशनात, पोचवणाऱ्याला मोबदला द्यायचे ठरले.

१२/ हाच वाद भारतात मोबाइलच्या काळात पुन्हा झाला. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे रक्कम द्यायची. ट्रायने ही रक्कम १ ऑक्टोबर २०१७ पासून १४ पैशांवरून ६ पैशांवर आणली आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य केली. नव्या कंपनीचे ग्राहक बाहेर फोन करणारे, जुन्या कंपन्यांकडे येणारे फोन जास्त; त्यामुळे एका बाजूला हर्ष, दुसऱ्या बाजूला संताप. दीडशे वर्षांनी युक्तिवाद तोच, फक्त पत्राच्या जागी कॉल.

१३/ बिनतारी संदेश आले तेव्हा तर याहून उघड प्रकार घडला. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्कोनी कंपनीचे धोरण होते की आपली केंद्रे फक्त आपलीच यंत्रे बसवलेल्या जहाजांशी बोलतील. १९०२ मध्ये प्रशियाचे राजपुत्र हाइनरिख ‘डॉइच्लांट’ या जहाजाने अमेरिकेहून परतत होते. त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना आभाराचा संदेश पाठवायचा ठरवला. जहाजावर जर्मन बनावटीचे यंत्र होते. मार्कोनीच्या केंद्राने तो संदेश घेण्यास नकार दिला. लहरी पोचत होत्या. दार बंद होते.

१४/ परिणामी १९०३ मध्ये बर्लिनला परिषद भरली आणि १९०६ च्या करारात किनाऱ्यावरच्या केंद्रांनी यंत्र कोणाचेही असले तरी जहाजांचे संदेश घ्यावेत असे बंधन आले. मार्कोनीची कृती आज अरेरावी वाटते. परंतु जहाज आणि किनारा एकाच कंपनीचा असावा हा तिचा आग्रह, आणि घड्याळ आणि फोन एकाच कंपनीचे असावेत हा आजचा नियम, यांत वंशसातत्य आहे.

१५/ आकाशाचीही वाटणी व्हायची होती. १९४७ च्या अमेरिकेतील अटलांटिक सिटी परिषदेत लहरींच्या वापरासाठी जगाचे तीन प्रदेश ठरले: युरोप व आफ्रिका एक, अमेरिका खंड दुसरा, आशिया व ऑस्ट्रेलिया तिसरा. कोणत्या प्रदेशात कोणता पट्टा कशासाठी, हे तेव्हापासून वेगवेगळे ठरत आले. पुढे मोबाइल आला तेव्हा अनेक पट्टे आधीच लष्कर, रेडिओ, दूरदर्शन यांनी व्यापलेले होते. जिथे जागा मोकळी झाली तिथे मोबाइल शिरला. आणि मोकळी जागा देशागणिक निराळी.

१६/ म्हणून अमेरिकेत ७०० आणि १९०० मेगाहर्ट्झचे पट्टे महत्त्वाचे, तर भारतात ८५०, ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे. फोन मोठा, त्यात डझनावारी पट्ट्यांची सोय करता येते. घड्याळ मात्र रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. अँटेना चिमुकली, बॅटरी त्याहून चिमुकली. तिथे निवडकच पट्टे बसवता येतात. म्हणून निर्मात्यांनी घड्याळाची प्रदेशवार निराळी मॉडेले काढली. न्यू जर्सीतून सुट्टीसाठी भोरला आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने तिकडे घेतलेले सुरुवातीच्या पिढीतले घड्याळ इथे बिथरत असे, त्याचे पहिले कारण हे.

१७/ पहिलेच कारण, एकमेव नव्हे. पट्टा जुळला तरी ओळख जुळावी लागते. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएमचा पहिला व्यावसायिक कॉल झाला. जीएसएमची खरी प्रतिभा सिमकार्डात होती. फोन कोणाचाही असो, कार्डातली ओळख ज्या कंपनीची, तिचे तुम्ही ग्राहक. कार्डात एक लांब क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५. पुढचे अंक कंपनीचे. जुन्या मराठी पत्रात आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. त्यावरून पत्र कोणाच्या अधिकारातले हे कळे. सिम म्हणजे तो शिक्का.

१८/ भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात पहिला मोबाइल संवाद झाला. मात्र परवाने देशासाठी दिले गेले नाहीत, ‘सर्कल’साठी दिले गेले. मुंबई एक सर्कल. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. महाराष्ट्र सर्कलमध्ये सुरुवातीला बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल या कंपन्या होत्या. पुण्याचा मोबाइल मुंबईत नेला की ‘रोमिंग’. येणाऱ्या फोनलाही पैसे. नकाशावर पुन्हा संस्थाने उगवली होती, फक्त त्यांना संस्थान म्हणत नसत.

१९/ या भिंती हळूहळू पडल्या. आधी सर्कलच्या आत क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ रोजी देशभर आली. मग ३ जुलै २०१५ पासून सर्कल ओलांडूनही ती मिळाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली. तिच्याकडे जुने २जी-३जी जाळेच नव्हते. तिचा आवाजही ४जी डेटामधूनच धावे. ही बारीक बाब घड्याळांच्या गोष्टीत मोठी ठरली, कारण केवळ ४जीवर बोलू शकणारे घड्याळ आणि त्या पद्धतीने आवाज नेऊ शकणारे जाळे, दोन्ही एकमेकांवर तपासून घ्यावे लागतात.

२०/ आता घड्याळ. २०१४ चे सॅमसंगचे ‘गिअर एस’ हे मनगटी यंत्र साध्या नॅनो सिमवर चाले. त्याचा क्रमांक स्वतंत्र असे. म्हणजे मनगटावर दुसराच फोन बांधल्यासारखे. लोकांना ते नको होते. लोकांना हवा होता एकच क्रमांक, दोन यंत्रांवर. शिवाय चिमुकल्या घड्याळात सिमचा खण ठेवणे हे जागेचे दिवाळे. २०१६ मध्ये जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ग्राहकांच्या उपकरणांसाठी ई-सिमचे मानक मांडले आणि त्याच वर्षी सॅमसंगचे ‘गिअर एस २ क्लासिक ३जी’ ते घेऊन आले.

२१/ ई-सिम म्हणजे घड्याळात कायमचा जडवलेला कोरा शिक्का. त्यावर नक्षी हवेतून उतरते. ग्राहक फोनवरून विनंती करतो. कंपनीचे सर्व्हर तो ग्राहक खरा आहे का, त्याची योजना घड्याळाला परवानगी देते का, हे तपासते. मग दुसरे सर्व्हर कूटबद्ध ओळख घड्याळात पाठवते. घड्याळाला आतल्या हिशेबासाठी वेगळा क्रमांक मिळतो आणि कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत तो मुख्य क्रमांकाला जोडला जातो. म्हणून फोन आला की दोन्हीकडे घंटा वाजते.

२२/ या वर्णनात टॉवरचा उल्लेख नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. टॉवर कंपनीकडे आधीच आहेत. घड्याळ चालवण्यासाठी जे नवे लागते ते सगळे नोंदवहीत लागते: ओळख वाटणारी यंत्रणा, एका क्रमांकाला दोन यंत्रे जोडण्याची सोय, बिल, आणि घड्याळ बनवणाऱ्या कंपनीशी करार व चाचण्या. ज्या कंपनीला हा खर्च परवडत नाही किंवा त्यातून ग्राहक वाढतील असे वाटत नाही, ती करतच नाही. तिचा टॉवर घड्याळाच्या डोळ्यांसमोर उभा असतो आणि घड्याळ मात्र मुके.

२३/ हे ग्वाल्हेर आणि भोरचेच नाते. करार असेल तर पत्र पुढे जाते.

२४/ करार झाला तरी सरकार उरतेच. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपलचे पहिले सेल्युलर घड्याळ, सिरीज ३, बाजारात आले. चीनमध्ये चायना युनिकॉमने सेवा सुरू केली आणि काही दिवसांतच नव्या ग्राहकांसाठी ती थांबली. ई-सिममुळे वापरणाऱ्याची खरी ओळख नोंदवायची कशी, ही तिथल्या व्यवस्थेची चिंता असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांनी लिहिले. दुकानात समोर बसून, ओळखपत्र पाहून कार्ड देणे आणि हवेतून शिक्का पाठवणे, यांतला फरक कोणत्याही सरकारला खटकणारच.

२५/ भारतात हे घड्याळ ११ मे २०१८ रोजी विक्रीस आले आणि सेल्युलर सेवा फक्त दोन कंपन्यांवर मिळाली: जिओ आणि एअरटेल. त्याच सुमारास जिओने दूरसंचार विभागाकडे तक्रार केली की एअरटेलची घड्याळांना ओळख पुरवणारी यंत्रणा भारताबाहेर आहे आणि हा परवान्याचा भंग आहे. एअरटेलने आरोप फेटाळला. बातमी दोन कंपन्यांच्या स्पर्धेची म्हणून छापली गेली. तिच्या पोटातला प्रश्न मात्र जुना होता: शिक्क्यांचा कारखाना कोणाच्या हद्दीत असावा?

२६/ या प्रश्नाचे कायदेशीर मूळ १८८५ च्या भारतीय तार कायद्यात आहे. त्याच्या चौथ्या कलमाने तार उभारण्याचा व चालवण्याचा एकाधिकार केंद्र सरकारला दिला. इतरांनी परवाना घेऊन, अटी पाळून काम करायचे. तारेपासून मोबाइलपर्यंत सारे परवाने याच कलमातून निघाले. ग्राहकाची ओळख पटवणे, गरज पडल्यास कायद्याने संभाषण तपासू देणे, त्यासाठीची यंत्रणा देशात ठेवणे, ही अटींची साखळी तिथून सुरू होते. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा येईपर्यंत व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हाच कायदा मनगटावरच्या घड्याळाला लागू होता.

२७/ १६ मे २०१८ रोजी, म्हणजे घड्याळ बाजारात आल्यावर पाचव्या दिवशी, दूरसंचार विभागाने ई-सिमविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. एका व्यक्तीच्या नावे असू शकणाऱ्या मोबाइल जोडण्यांची कमाल संख्या १८ झाली: ९ नेहमीच्या संभाषणासाठी आणि ९ यंत्रायंत्रांतील संवादासाठी. वस्तू आधी आली आणि नियम मागून धावत आला. टपालाच्या, तारेच्या, रेडिओच्या इतिहासातही क्रम बहुतेक वेळा असाच दिसतो.

२८/ परदेशात घड्याळ का गप्प होते, हेही आता सहज उलगडेल. फोनच्या रोमिंगसाठी दोन देशांतल्या कंपन्यांचे करार वर्षानुवर्षे झालेले आहेत. घड्याळाची ओळख मात्र नवी, तिला त्या करारांत जागा नव्हती. वरून पट्ट्यांची अडचण. ॲपलच्या घड्याळांना आंतरराष्ट्रीय रोमिंग मिळाले ते २०२२ साली, तेही सिरीज ५ आणि पुढच्या मॉडेलांना, आणि तेही ज्या कंपन्यांनी सोय केली त्यांच्यापुरतेच. पहिल्या सेल्युलर मॉडेलनंतर पाच वर्षांनी.

२९/ भोर-वेल्ह्यात या सगळ्याला डोंगराची जोड मिळते. तोरणा १,४०३ मीटर उंच. राजगडही त्याच्या जवळपास. गुंजवणी, कानंदी, वेळवंडी, नीरा यांच्या खोऱ्यांतून लहर सरळ जाते, कड्यापाशी अडते. कमी कंपनाच्या लहरी, म्हणजे ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या, दूर जातात आणि अडथळ्याच्या कडेने थोड्या वळतात. २३०० च्या लहरी जास्त माहिती वाहतात पण सावलीत लवकर मरतात. त्यामुळे गडाच्या बालेकिल्ल्यावर दूरवरचा टॉवर दिसतो आणि पायथ्याच्या वाडीत काहीच मिळत नाही, हा उलटा अनुभव सह्याद्रीत सर्रास येतो.

३०/ अशा मुलखात दर कंपनीने आपला टॉवर उभारणे परवडत नाही. कुठे एकाच कंपनीचा टॉवर, कुठे फक्त बीएसएनएलचा. आणि बीएसएनएलने ई-सिम सेवा सुरू केली ती २०२५ मध्ये. शहरात घेतलेले घड्याळ ज्या दोन-तीन जाळ्यांना ओळखते, ती जाळी नेमकी डोंगरात विरळ होतात. गडावर एकट्याने जाणाऱ्याने मनगटावरच्या यंत्राला आधार मानून फोन खाली ठेवला, तर ती चूक महाग पडू शकते. घड्याळाची चिमुकली अँटेना फोनइतका दूरचा टॉवर पकडत नाही, हेही त्यात मिळवावे.

३१/ १७ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारने एक पाऊल टाकले. डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांच्या ग्राहकांना एकमेकांचे जाळे वापरण्याची सोय जाहीर झाली. टॉवर एकाचा, ग्राहक तिघांचे. १८८४ मध्ये पतियाळाने केलेला करार आणि हा करार यांची जातकुळी एकच. मात्र ही सोय सरकारी निधीतल्या टॉवरांपुरती. ज्याने स्वतःच्या पैशाने डोंगरावर टॉवर बांधला त्याला तो दुसऱ्याला खुला करायची सक्ती नाही. आपण कष्टाने बांधलेला घाटरस्ता शेजाऱ्याला फुकट का वापरू द्यावा, हा सवालही अगदीच गैर नाही.

३२/ एक तपशील पंतसचिवांच्या बाबतीत राहून गेला. भोरची तिकिटे संग्राहकांच्या यादीत ‘१८७९’ आणि ‘१९०१’ या दोनच वर्षांखाली येतात. त्यानंतर भोरचे नवे तिकीट निघाले नाही. संस्थान मात्र पुढेही जवळजवळ अर्धे शतक टिकले आणि ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. तिकीट आधी गेले, राज्य नंतर. निरोपाची हद्द ही राजकीय हद्दीपेक्षा लवकर विरघळते, असे निदान या एका उदाहरणात दिसते. चीन आणि ई-सिमचे उदाहरण नेमके उलटे सांगते.

३३/ आणि नवी विभागणी तोवर सुरू झालीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने ५जी चालणारी घड्याळे काढली. त्यांतले तंत्र ‘रेडकॅप’ नावाचे, म्हणजे लहान यंत्रांसाठी हलके केलेले ५जी. त्याचे मानक २०२२ मध्ये ठरले. या तंत्राला स्वतंत्र गाभा असलेले ५जी जाळे लागते, जुन्या ४जी गाभ्यावर टेकलेले चालत नाही. भारतात २०२२ मध्ये जिओने पहिल्या प्रकारचे जाळे निवडले, एअरटेलने सुरुवात दुसऱ्या प्रकाराने केली. म्हणजे दोन्ही कंपन्यांवर ‘५जी’ ही एकच पाटी असली, तरी घड्याळासाठी त्यांच्या हद्दी पुन्हा वेगळ्या आखल्या गेल्या.